बेस कोण वाजवतंय?

अमेरिकेतल्या कॅरी गावात घर घेतल्यापासून सुशांतच्या गराजमध्ये गाडी अशी कधी उभी राहिलीच नाही. तिथे देवचा ड्रमसेट होता, भिंतीला टेकवलेल्या सुशांतच्या गिटारी होत्या, निधीचा माइक होता आणि कोपऱ्यात उपासनाच्या बेस गिटारचा अँप्लिफायर, म्हणजे अँप होता, लहान फ्रिजएवढा आणि फ्रिजपेक्षा जड. दर शनिवारी दुपारी ही चौघं तिथे जमायची. सुशांत आणि देव एकाच बँकेच्या आयटीत, निधी शाळेत स्पीच थेरपिस्ट, उपासना औषधांच्या कंपनीत स्टॅटिस्टिशियन. आठवडाभर मीटिंगा करून आंबलेली माणसं. गराजचं दार खाली आलं की त्यांच्या चेहऱ्यावर रंग यायचा.

त्या वर्षी त्यांनी एक वेड डोक्यात घेतलं होतं. लँटर्न स्ट्रीट नावाच्या इंग्लिश बँडच्या 'कोल्ड चिमनीज' या अल्बमला पन्नास वर्षं होत होती आणि तो अख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत स्टेजवर वाजवायचा, असं ठरलं होतं. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गिरणगावात ती चार पोरं वाढली. गिरण्या बंद पडल्या, बाप घरी बसले आणि पोरांनी त्यावर गाणी केली. पन्नास वर्षांनंतरही रॉकच्या थोर अल्बमांची यादी कुणी काढली की 'कोल्ड चिमनीज' तिच्यात असतोच.

शेवटचं गाणं होतं 'गेट नंबर फोर'. चांगलं लांबलचक. सुरुवातीला बराच वेळ एकटा बेस वाजतो, दूर कुठेतरी यंत्रं चालू असल्यासारखा. मग शब्द येतात. एक विणकर रोज सकाळी गिरणीच्या दारात येऊन उभा राहतो. त्याला कुणी हाकलत नाही, कुणी शिवी देत नाही. दार तेवढं उघडत नाहीत.

हे गाणं संपलं की सुशांतचे डोळे भरून यायचे. "यार, काय लिहिलंय!" तो म्हणायचा. "कुणी एक शब्द बोलत नाही त्याला. हे जास्त व्हायलन्ट आहे."

उपासना तोवर बेसची वायर गुंडाळायला घ्यायची. तिला ते गाणं चौथीपासून पाठ होतं. तिचे वडील नागपूरला पोस्टात होते. सीताबर्डीच्या फुटपाथवर त्यांना ती कॅसेट मिळाली, कव्हर नसलेली. इंग्रजी सुधारायचं म्हणून त्यांनी ती घेतली आणि डिक्शनरी मांडीवर ठेवून एकेक ओळ सोडवत बसले. 'लूम' म्हणजे माग हे कळलं तेव्हा त्यांनी डिक्शनरी मिटून ठेवली होती. कारण त्यांचे वडील, म्हणजे उपासनाचे आजोबा, गिरणीतच होते. पण माग चालवायला त्यांना कधी मिळालं नाही. मागावर धागा तुटला की तो तोंडाने ओला करून जोडायचा असे, आणि आजोबांच्या तोंडचा धागा बाकीच्यांना चालत नसे. आयुष्यभर ते सूत काढायच्या खात्यात राहिले. विणकर व्हायचं त्यांच्या मनात होतं, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं.

वडिलांचं नाव पंडित. मुलीला शाळेत घालताना त्यांनी आडनाव लावलंच नाही, स्वतःचं नाव लावलं. त्यामुळे पासपोर्टवर, व्हिसावर, ऑफिसच्या दारावर आणि बँडच्या पोस्टरवरही ती उपासना पंडित होती. कॅरीतल्या मराठी मंडळात या नावाचा काय अर्थ लागत होता, याचा तिने कधी विचार केला नव्हता. निदान फार केला नव्हता. कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना वाटत होतं की आपल्याला माहीत आहे.

उन्हाळ्यात तिची आई रत्नाबाई नागपूरहून आली. नवरा गेल्यापासून ती प्रथमच लेकीकडे येत होती. पहिल्याच शनिवारी उपासना तिला प्रॅक्टिसला घेऊन गेली. सुशांतची आई अहिल्याबाईही पुण्याहून आल्या होत्या. गराजमधून घरात जायचं दार उघडं ठेवून दोघी आतल्या टेबलाशी चहा घेत बसल्या. अहिल्याबाई अगत्याच्या. त्यांनी चिवडा काढला, नारळाच्या वड्या काढल्या, मुलांच्या दंग्याबद्दल हसून झालं.

"बाकी तुमची उपासना गुणी हो," त्या म्हणाल्या. "पंडित म्हणजे तुम्ही देशस्थच ना? आमच्या आत्याकडे पंडित आहेत, साताऱ्याचे."

"पंडित तर माह्या मालकाचं नाव," रत्नाबाई म्हणाली. "आम्ही बौद्ध. दीक्षाभूमीपासून जवळच राहतो. तुम्ही नागपूरले आल्या तर या घरी."

उपासना बेस ट्यून करत होती. तिने मान वर केली. अहिल्याबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नव्हतं, पण हलतही नव्हतं. "हो का, अरे वा," त्या म्हणाल्या आणि किती वेळ तरी चहात साखर ढवळत राहिल्या. सुशांतने तेव्हाच गिटारचा आवाज वाढवला.

प्रॅक्टिस झाली. उपासनाने 'गेट नंबर फोर' त्या दिवशी इतकं मन लावून वाजवलं की देवने ड्रमवरून उठून टाळ्या वाजवल्या. मधल्या एका ठिकाणी मूळ बँडचा बेस खाली उतरून थांबतो. उपासना तिथे थांबली नाही, एक सूर ओढत नेऊन तिने तो वरच्या सुरात सोडला. असं तिला आधी सुचलं नव्हतं. दारात येऊन बसलेल्या आईकडे बघून सुचलं असावं. सुशांत नेहमीप्रमाणे प्रत्येकाचं वाजवणं लॅपटॉपवर वेगवेगळं रेकॉर्ड करत होता. "हे ठेवायचं," तो म्हणाला. "हाच फायनल."

पुढच्या शनिवारी प्रॅक्टिस कॅन्सल झाली. देवला बरं नाही म्हणून. त्याच्या पुढच्या शनिवारी सुशांतकडे पाहुणे होते. मग त्याचा मेसेज आला की मंडळाच्या कमिटीला गणपतीत मराठी गाणीच हवी आहेत, त्यामुळे अल्बमचं सध्या ड्रॉप केलंय, सॉरी यार, पुढे कधीतरी. खाली हात जोडलेली दोन चित्रं.

उपासनाला वाईट वाटलं, पण तिने विश्वास ठेवला. चांगल्या माणसांवर विश्वास ठेवायची तिची सवय होती आणि ही तिला चांगलीच माणसं वाटत होती. निधीला तिने दोनदा फोन केला. निधी तिची मैत्रीण. दोघी मिळून किराणा आणायच्या, सिनेमाला जायच्या. निधी म्हणाली, "अगं कामात आहे, करते तुला." तिने केला नाही.

मग मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गणेशोत्सवाचं पोस्टर आलं. शनिवारी संध्याकाळी, आरतीनंतर: 'कोल्ड चिमनीजची पन्नास वर्षं'. गायन निधी, गिटार सुशांत, ड्रम्स देव, बेस अनीश. अनीश हा सुशांतच्या बायकोचा मावसभाऊ. नुकताच दुसऱ्या राज्यातल्या अर्विंगहून इकडे आला होता आणि बरी गिटार वाजवायचा. बेस त्याने हातात धरलेला उपासनाने कधी पाहिला नव्हता.

तिने ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून सुशांतला फोन लावला.

"अगं, मी तुला करणारच होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"हे बघ, चिडू नकोस. स्टेजवर गणपती असणार, आधी आरती, मग आपलं. तुम्ही लोक गणपतीला मानत नाही ना? बावीस प्रतिज्ञा वगैरे. मी वाचलंय त्यावर. म्हटलं, तुला ऑकवर्ड कशाला करायचं. तुमच्या भावनांचा रिस्पेक्ट म्हणून."

"मागच्या गणपतीत आपण वाजवलं, सुशांत. मी स्टेजवर होते. तुझ्याच शेजारी. तेव्हा कुठे गेला होता हा रिस्पेक्ट?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

तो म्हणाला, "उपासना, तू याला भलतंच वळण देतेयस. मी त्यातला नाही, तुला माहितीये. आई मोठी आहे, तिचे काही विचार आहेत, घरात पूजा आहे, सगळे घरी जेवायला येणार. या वयात तिला मी काय बदलणार? एक शो आहे फक्त."

"आणि मला खोटं सांगितलंस. कमिटीला मराठी गाणी हवीत म्हणून."

"तुला हर्ट होऊ नये म्हणूनच ना!"

तिने फोन बंद केला. मीटिंगची वेळ झाली होती आणि ती मीटिंगला गेली, आकडे दाखवले, प्रश्नांना उत्तरं दिली. मोठ्या हॉलमधल्या एकाही माणसाला तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही याचाही तिला राग आला. संध्याकाळी तिने आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, आई म्हणेल की मी त्या दिवशी चहाच्या वेळी सांगायला नको होतं.

रत्नाबाई पोळी लाटत होती. लाटणं बाजूला ठेवून म्हणाली, "काहून नाही सांगायचं? चोरी केली का आपण?" मग थोड्या वेळाने, "गाणं ऐकाले जाऊ आपण. मंडळाचे मेंबर आहोत ना?"

"आई, मला त्यांची तोंडं बघायची नाहीत."

"त्यायले आपली पाहू दे."

शनिवारी शाळेचं ऑडिटोरियम भरलं होतं. मंडळाने दरवर्षीप्रमाणे ते भाड्याने घेतलं होतं. दाराशी मोदकांचं टेबल, पोरांची पळापळ, जरीच्या साड्या, सोवळी आणि जीन्स एकाच रांगेत. पुढच्या खुर्च्यांवरून दोघा-तिघांनी मागे वळून पाहिलं आणि पुन्हा पुढे पाहिलं. बातमी पोचलेली होती. मायलेकी मधोमध बसल्या. आरती झाली. रत्नाबाई बसूनच राहिली. शेजारची बाई तिच्याकडे बघत टाळ्या वाजवत होती, तिच्याकडेही रत्नाबाईने हसून पाहिलं.

मग सुशांत माइकवर आला. त्याने अल्बमची ओळख करून दिली, आणि छान करून दिली. गिरणगाव, बंद पडलेली धुरांडी, दारात उभा राहिलेला माणूस. "आज आपण सगळे सेटल्ड आहोत," तो म्हणाला, "पण ज्यांना दाराबाहेर ठेवलं गेलं त्यांचं दुःख आपल्याला समजलं पाहिजे. हा अल्बम ते समजावतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. उपासनाच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. याला हे बोलताना काहीच होत नाही? जीभ अडखळत नाही?

पहिली गाणी बरी झाली. अनीश सोपं सोपं वाजवत होता, कुठे कुठे चुकत होता. उपासनाला त्याच्यावर राग धरता येईना. तो स्टेजवर आल्यापासून आपल्या बुटांकडेच बघत होता. मग दिवे मंद झाले आणि 'गेट नंबर फोर'चा बेस सुरू झाला.

सुंदर वाजत होता. खोल, सावकाश, एकही सूर न डगमगता. उपासनाला वाटलं, याने एवढी मेहनत कधी घेतली? क्षणभर तिला त्याचं कौतुकसुद्धा वाटलं. आणि मग ती जागा आली. मूळ बँड जिथे थांबतो तिथे बेस थांबला नाही. एक सूर ओढत ओढत वर गेला आणि तिथे सुटला.

उपासनाने खुर्चीचा हात घट्ट धरला. अनीशची बोटं त्या वेळी वरच्या सुराच्या जवळपासही नव्हती.

"आई," ती म्हणाली, "ही मी आहे."

"काय?"

"हे मी वाजवलंय. त्या दिवशी, तू दारात बसली होतीस तेव्हा. तेच लावलंय त्यांनी. तो नुसता हात हलवतोय."

रत्नाबाईने स्टेजकडे पाहिलं, मग लेकीकडे. तिने आपले पाय आत ओढून घेतले, लेकीला बाहेर पडायला जागा व्हावी म्हणून.

साउंडचा माणूस मागच्या भिंतीशी मिक्सर मांडून बसला होता. भाड्याने आणलेला, पिकल्या दाढीचा गोरा गृहस्थ. उपासना त्याच्याजवळ गेली आणि इंग्रजीत म्हणाली की हा जो बेस लॅपटॉपवरून येतोय तो माझा आहे, मला या कार्यक्रमातून काढलेलं आहे आणि हे वाजवायला मी परवानगी दिलेली नाही. कृपा करून बंद करा.

त्याने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं नाही. स्टेजवरच्या अनीशच्या हातांकडे पाहिलं. थोडा वेळ पाहिलं. मग विचारलं, "तुमची परवानगी नाही?"

"नाही."

त्याने मिक्सरवरची एक पट्टी खाली ओढली.

हॉलमधली जमीनच काढून घेतल्यासारखं झालं. वर सुशांतची गिटार एकटी किणकिणत राहिली, देवचे ड्रम पोकळ वाजू लागले. अनीश चार-सहा क्षण तारांवर बोटं नाचवत होता. आवाज येत नाही हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने हात असे मागे घेतले, जणू तारा तापल्या होत्या. निधी गायची थांबली. पुढच्या रांगेत पोरं हसली.

"सॉरी, सॉरी, टेक्निकल प्रॉब्लेम," सुशांत माइकवर म्हणाला. "साउंड! बेस गेलाय."

"टेक्निकल नाही," उपासना मागून म्हणाली. तिला माइकची गरज पडली नाही. "बेस गेला नाही, मी इथे उभी आहे. जे तुम्ही सगळे ऐकत होता ते मी वाजवलंय, सुशांतच्या गराजमध्ये. मी बौद्ध आहे हे कळल्यावर यांनी मला बँडमधून काढलं. माझं वाजवणं मात्र ठेवून घेतलं. मी चालत नाही, माझा हात चालतो."

माना वळल्या. कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. मंडळाच्या कार्यकारिणीतले एक काका उठून दोन्ही हातांनी खाली बसवल्यासारखं करत म्हणाले, "बेटा, हे नंतर बोलू. आज सणाचा दिवस आहे. इथे कशाला हे विषय?"

"मग कुठे, काका? ते फोनवर बोलत नाहीत, घरी बोलत नाहीत, मेसेजवर खोटं बोलतात. मी कुठे बोलू?"

"बसा हो ताई, प्रोग्राम चालू दे," कडेच्या खुर्चीवरून आवाज आला.

तेव्हा रत्नाबाई उभी राहिली. बुटकी बाई, निळ्या काठाची साडी, हातात पर्स. "बोलू द्या तिले," ती म्हणाली. "तुमच्या मुलाचं सगळ्यायनं ऐकलं ना आता? तिचंही ऐका."

उपासनाला आणखी काही बोलायचं नव्हतं. तिने स्टेजवर निधीकडे पाहिलं. निधीने माइक दोन्ही हातांत धरला होता आणि तिची मान खाली होती. म्हणजे तिला माहीत होतं. ते एक उपासनाला बाकी सगळ्यापेक्षा जास्त लागलं. मायलेकी चालत बाहेर पडल्या. आत कुणीतरी घाईघाईने लहान मुलींचा नाच सुरू केला.

पार्किंगमध्ये अहिल्याबाई त्यांच्या मागे धावत आल्या, मागून सुशांत. अहिल्याबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं. "काय वाईट वागलो आम्ही तुमच्याशी?" त्या रत्नाबाईला म्हणाल्या. "चहा दिला, वड्या दिल्या. एक वाकडा शब्द तरी बोलले का मी? चारचौघांत माझ्या मुलाची अशी शोभा केलीत."

"शब्द नाही बोलल्या," रत्नाबाई म्हणाली. "तेच म्हणतो मी. बोलल्या असत्या तर उत्तर तरी देता आलं असतं."

"तू आधी सांगायला हवं होतंस," सुशांत उपासनाला म्हणाला. तो घामाने भिजला होता. "दोन वर्षं पंडित पंडित म्हणून…"

"माझ्या बापाचं नाव आहे ते. त्याचा अर्थ तू लावलास. आणि सांगितलं असतं तर काय झालं असतं, सुशांत? सुरुवातीलाच नसतं घेतलंस, एवढंच ना?"

सुशांतने आईचा दंड धरला आणि तिला हॉलकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर कार्यकारिणीचा मेसेज आला. 'तांत्रिक अडचणीमुळे एका सादरीकरणात व्यत्यय आला, त्याबद्दल दिलगिरी. सर्वांनी पॉझिटिव्ह राहावे.' उपासना नाश्ता करत होती. तिने बशी सरकवली आणि लिहायला बसली. काय घडलं ते घडलं तसं लिहिलं, विशेषणं न लावता. पाठवलं. मग एकजण म्हणाला, अमेरिकेत येऊनही तुम्ही लोक जात सोडत नाही. दुसरीने लिहिलं, दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात. तिसऱ्याने गणपतीचा फोटो टाकला, त्याला सगळ्यांनी हात जोडले. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर फक्त ॲडमिनना लिहिता येईल अशी सोय झाली.

निधी घरी आली. सोबत डब्यात काहीतरी होतं. दारातच रडायला लागली. "मला पटलं नव्हतं गं. मी सुशांतला म्हटलंही होतं. पण वाटलं, थोडं वातावरण शांत होऊ दे."

"वातावरण शांतच होतं, निधी. तुम्ही सगळे गप्प होतात ना."

"माझ्यावर रागावलीस?"

"हो," उपासना म्हणाली. "खूप. ग्रुपवर लिहायची सोय नाही आता, पण कमिटीला मेल कर. जे आत्ता मला सांगितलंस तेच लिही. मग आपण बोलू."

"बघते," निधी म्हणाली.

ती गेल्यावर रत्नाबाईने टेबलावर राहिलेला डबा उघडून पाहिला, पुन्हा झाकण लावलं. निधीने मेल केल्याची खबर काही आली नाही.

आला तो एक फोन, अनोळखी नंबरवरून. राकेश कुमार. मंडळात सगळे ओळखत त्याला. कार्यक्रमांना खुर्च्या, टेबलं, स्पीकर आपल्या व्हॅनमधून तोच आणायचा, आणि कुमार म्हणजे उत्तरेकडचा असावा, पण मराठी काय फाडफाड बोलतो, असं त्याचं कौतुक व्हायचं. तो म्हणाला, "ताई, मी अमरावतीचा. कुमार हे आडनाव नाही माझं. सात-आठ वर्षं झाली, मीही बौद्ध आहे हे इथे कुणाला माहीत नाही. तुम्ही बोलत होता तेव्हा मी मोदकांच्या टेबलाशी उभा होतो. उभाच राहिलो. त्याची लाज वाटते."

उपासनाला त्याच्यावरही चिडायचं होतं. पण त्याचा आवाज ऐकून जमेना. "जेवायला या," ती म्हणाली. "आई आहे अजून."

तो आला, बायकोला घेऊन आला, पोटभर जेवला आणि रत्नाबाईशी अमरावतीच्या गोष्टी करत बसला. निघताना विचारलं, काही काम असेल तर सांगा. काम होतं. सुशांतच्या गराजमध्ये तिचा अँप पडून होता आणि तो तिच्या छोट्या गाडीत मावत नव्हता. राकेशने एकदा बायकोकडे पाहिलं. मग म्हणाला, "व्हॅन आणतो."

ऑक्टोबरातली लख्ख दुपार होती. व्हॅन रस्त्याच्या कडेला लावून राकेश आतच बसला. उपासनाने बेल वाजवली. सुशांतने गराज उघडलं. तो अवघडलेला होता, पण तिला बघून जरा खुललाही. ड्रमसेटवर चादर टाकलेली होती.

"बरं झालं आलीस. मी कॉल करणारच होतो," तो म्हणाला. "ऐक, शेजारच्या रॅली शहरातल्या एका क्लबने विचारलंय. अल्बम पूर्ण वाजवायचा. अनीशच्याने होणार नाही, तो नको म्हणतोय. तू ये परत. झालं गेलं सोड ना यार. आणि हे बघ, आई गेली पुण्याला. आता काही इश्यूच नाही."

उपासना वाकून वायर गुंडाळत होती. ती सरळ झाली. रागाने आपल्याला रडू येईल अशी तिला भीती वाटली होती, पण आलं नाही. आवाज स्वच्छ निघाला.

"तुझी आई गेली, सुशांत. तू आहेस ना अजून."

"म्हणजे काय?"

"त्यांनी मला बँडमधून काढलं नाही. त्यांना बँडमधलं कळतही नाही. मला खोटा मेसेज तू केलास. माझं रेकॉर्डिंग तू लावलंस, आणि त्याच्या पुढे उभं राहून दुःख समजून घ्यायचं भाषण तू दिलंस. आता काही इश्यू नाही म्हणतोस, कारण घरात बघायला कुणी नाही. मी लपूनछपून वाजवू? पुढच्या वर्षी आई आल्या की पुन्हा पाहुणे येणार तुझ्याकडे?"

"मी सॉरी म्हणायला तयार आहे."

"मग तयार कशाला राहतोस? म्हण ना. मंडळाला लिहून म्हण, जिथे तांत्रिक अडचण लिहिलंय तिथे. आणि ते रेकॉर्डिंग डिलीट कर. आत्ता, माझ्यासमोर."

त्याने रेकॉर्डिंग डिलीट केलं. लॅपटॉप तिच्याकडे वळवून दाखवलं. लिहायचं मात्र टाळलं. "थोडं समजून घे," एवढंच म्हणाला, "मंडळात राहायचंय मला."

तिने अँपच्या कडेला हात घातला. तो हलला, पण उचलेना. सुशांत पुढे झाला. "थांब, मी धरतो."

"नको. हात लावू नकोस."

व्हॅनचं दार उघडल्याचा आवाज आला. राकेश उतरला होता. रस्त्याच्या कडेला तो क्षणभर थबकला, मग ड्राइव्हवेवरून चालत थेट गराजपाशी आला. सुशांतने त्याच्याकडे पाहिलं, उपासनाकडे पाहिलं.

"अरे कुमार, तू? तू इथे कसा?"

"कुमार नाही," राकेश म्हणाला. "गजभिये. राकेश गजभिये." त्याने बाह्या सरसावल्या आणि अँपची दुसरी बाजू धरली. "उचला, ताई."

दोघांनी अँप उचलला. जड होता, मधे एकदा खाली टेकवावा लागला. सुशांत गराजच्या तोंडाशी उभा होता.

उपासनाने मागे पाहिलं नाही. तिला अजून पुष्कळ बोलायचं होतं. कमिटीला मेल करायची होती, त्या काकांना भेटायचं होतं, ग्रुपवर जे लिहू दिलं नाही ते दुसरीकडे लिहायचं होतं. राग कमी झाला नव्हता आणि तो कमी व्हावा असं तिला वाटतही नव्हतं. व्हॅनमध्ये अँप दोरीने नीट बांधून ती पुढच्या सीटवर बसली.

"घरी?" राकेशने विचारलं.

"आधी त्या काकांकडे," ती म्हणाली. "पत्ता सांगते."